निर्बंधांनी साथ किती आवरली? नाशिक जिल्ह्याच्या नोंदींवरून काय म्हणता येते आणि काय नाही

गोदाकाठ

नमस्कार. गेल्या आठवड्यात आमच्या वाचनालयाच्या कट्ट्यावर २०२७ च्या सिंहस्थाचा विषय निघाला आणि गर्दीवरून बोलता बोलता गाडी करोनाच्या निर्बंधांवर आली. एका सद्गृहस्थांचे म्हणणे असे, की टाळेबंदीने काहीही साधले नाही, साथ आली तशी गेली. दुसरे म्हणाले, टाळेबंदी नसती तर अमरधाममध्ये जागा पुरली नसती. दोघेही तावातावाने बोलत होते आणि पुराव्यादाखल दोघांकडे आपापली आठवण तेवढी होती. मी तीस वर्षे महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवले. साथीच्या काळात वेळ जात नसे म्हणून वर्तमानपत्रांतून आदेशांची कात्रणे काढून फाइलला लावत होतो. ती फाइल पुन्हा काढली आणि तिच्या आधारे काही मांडता येते का, हे पाहण्यासाठी हा धागा काढत आहे.

शासनाच्या धोरणाचा साथीवर परिणाम मोजायचा तर दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवाव्या लागतात: कोणत्या तारखेला काय बंद झाले आणि त्यानंतर रुग्णसंख्या कशी बदलली. ऐकायला सोपे वाटते, पण पहिल्याच उदाहरणात ठेच लागते. दुसऱ्या लाटेत राज्य शासनाने ५ एप्रिल २०२१ च्या रात्री आठपासून ‘ब्रेक द चेन’चे निर्बंध लावले आणि १४ एप्रिलच्या रात्री आठपासून ते आणखी कडक केले. राज्यात एका दिवसातील सर्वाधिक रुग्णांची नोंद १८ एप्रिलला झाली, ६८,६३१. त्यानंतर आलेख हळूहळू उतरत गेला. त्यामुळे ‘१४ तारखेला बंद केले आणि चार दिवसांत शिखर आले’ असे अनेकांनी मनात पक्के केले आहे, मात्र ते शक्य नाही. संसर्ग झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत साधारण पाच दिवस जात, मग ताप अंगावर काढण्यात दोन-तीन दिवस, मग चाचणी, आणि त्या गर्दीत अहवाल मिळायला पुन्हा काही दिवस. म्हणजे १५ एप्रिलला जो संसर्ग टळला, त्याचा उतार आकड्यांत दिसायचा तर महिन्याची २५ तारीख उजाडणार. १८ तारखेच्या शिखराचे श्रेय कोणाला द्यायचेच असेल, तर ते ८ तारखेच्या आसपास किंवा त्याआधी घडलेल्या गोष्टींना द्यावे लागते. त्यात ५ तारखेचा आदेश जेमतेम बसतो. त्याआधीचे स्थानिक निर्बंध बसतात, आणि घराघरांत ओळखीचे कोणी तरी दगावल्यामुळे लोकांनी आपण होऊन बाहेर पडणे कमी केले होते, तेही बसते.

नाशिककराला हे समजावून सांगायला गंगेचा, म्हणजे आपल्या गोदावरीचा, पूर पुरेसा आहे. गंगापूर धरणातून विसर्ग सोडला की रामकुंडावर पाणी लगेच चढत नाही, काही वेळ मध्ये जातो. धरणाचे दरवाजे बंद केल्यावरही दुतोंड्या मारुतीचे, म्हणजे ज्या मूर्तीवरून नाशिककर पुराची पातळी जोखतात तिथले, पाणी त्याच मिनिटाला उतरत नाही. जो केवळ मारुतीकडे पाहून दरवाजांची वेळ सांगू लागेल, त्याचा हिशेब चुकणारच.

याच पुरात दुसरी चूकही लपलेली आहे, आणि ती पहिलीपेक्षा वाईट. पाणी चढू लागले की भांडी बाजारातले दुकानदार माल वरच्या मजल्यावर नेतात. एखाद्या परक्या माणसाने दहा पुरांची नोंद ठेवली, तर माल हलवला की पूर येतो असा निष्कर्ष त्याला आकडेवारीनिशी काढता येईल. निर्बंधांचेही तसेच आहे. रुग्ण वाढले म्हणून ते लावले गेले, त्यामुळे कडक निर्बंध आणि जास्त रुग्ण हे नेहमी एकत्रच सापडतात, आणि केवळ त्यांची जोडी लावून ‘जिथे निर्बंध कडक तिथे साथ मोठी, म्हणजे निर्बंध निरुपयोगी’ असे म्हणणारे लेख तेव्हा पैशाला पासरी झाले होते.

आता मूळ प्रश्न. मला असे वाटू लागले आहे, की आपण आदेशाची तारीख हेच धोरण समजतो आणि तिथेच फसतो. आदेश निघाला, तो पोहोचला, तो पाळला गेला आणि तो पाळणे लोकांना परवडले, या चार वेगळ्या गोष्टी आहेत व त्यांच्या तारखाही वेगळ्या आहेत. माझ्या फाइलमध्ये फक्त पहिली तारीख आहे. बाकीच्या तीन तुमच्यापैकी कोणाकडे असतील तर कृपया लिहा.

आकडेमोड

सर, उत्तम मांडणी. मी डेटाचेच काम करतो, त्यामुळे थोडी भर घालतो.

धोरणांची जगभरातील सर्वांत मोठी नोंद ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या ब्लाव्हाटनिक स्कूलने केली. मार्च २०२० पासून २०२२ च्या अखेरपर्यंत शेकडो स्वयंसेवक प्रत्येक देशाचे आदेश वाचून त्यांना श्रेणी देत होते. शाळा, कामाची ठिकाणे, समारंभ, जमाव, सार्वजनिक वाहतूक, घरी राहण्याची सक्ती, देशांतर्गत प्रवास, परदेश प्रवास आणि जनजागृती अशा नऊ बाबींवरून ते ० ते १०० मधला एक कडकपणाचा निर्देशांक काढत. मार्च २०२० च्या अखेरीस भारताचा निर्देशांक थेट १०० होता. पुढे भारतातील राज्यांच्याही वेगळ्या नोंदी झाल्या.

परंतु नाशिकच्या दृष्टीने त्यात मोठी अडचण आहे. राज्य हाच त्यातला सर्वांत लहान तुकडा आहे. दादर, सुरगाणा आणि गडचिरोली यांना मिळून एकच अंक. शिवाय नियम असा, की राज्याच्या एखाद्याच भागात कडक बंदी असेल तर त्या कडक बंदीचा अंक नोंदवायचा आणि सोबत ‘ही ठरावीक भागापुरती आहे’ अशी खूण करायची. विश्लेषण करणारे बरेच जण ती खूण पाहतच नाहीत. मग मालेगावातल्या संचारबंदीचा रंग सगळ्या महाराष्ट्राला लागतो, आणि उलट मे २०२१ मध्ये आपल्या जिल्हा प्रशासनाने १२ तारखेपासून स्वतःहून जी दहा-बारा दिवसांची कडक टाळेबंदी केली होती, ती राज्याच्या अंकात कुठेच उठून दिसत नाही.

रुग्णसंख्येबाबत हेच उलट्या दिशेने होते. राज्याच्या दैनंदिन पत्रकात नाशिक ग्रामीण, नाशिक महापालिका आणि मालेगाव महापालिका असे तीन वेगळे आकडे येत असत, पण ‘कोविड१९इंडिया’ या स्वयंसेवकांच्या संकेतस्थळावर तिन्ही मिळून ‘नाशिक जिल्हा’ असा एकच आकडा होता. ते संकेतस्थळ ऑक्टोबर २०२१ अखेर थांबले. आज बहुतेक अभ्यासक त्याचाच जतन केलेला साठा वापरतात. त्यामुळे मालेगाव उतरत असताना नाशिक शहर चढत होते, ही गोष्ट त्यांच्या आलेखात पुसली जाते. सोयीसाठी केलेली एक बेरीज, पण तिने दोन शहरांची कथा एक केली.

मागवाला

आमच्या मालेगावचा विषय निघालाच आहे तर लिहितो. यंत्रमागाचा आमचा दोन पिढ्यांचा धंदा आहे, आकडेशास्त्राचा नाही, तेव्हा चूकभूल द्यावी घ्यावी.

जिल्ह्यातला पहिला रुग्ण मार्च २०२० च्या शेवटी निफाड तालुक्यात सापडला, पण गाजले ते मालेगाव. ८ एप्रिलला आमच्याकडे पहिले रुग्ण निघाले आणि त्यानंतर शहराला कुलूप लागले. गोदाकाठ सर, तुम्ही चार तारखा म्हणता, त्यातली ‘परवडणे’ ही तारीख आमच्याकडे आलीच नाही. दहा बाय बाराच्या खोलीत आठ माणसे, त्यातली निम्मी एरवी रात्रपाळीला मागावर असायची आणि निम्मी दिवसपाळीला. माग बंद झाले तेव्हा आठही जण एकाच वेळी घरात आले. कागदावर शहर रिकामे झाले, आणि खोली मात्र भरली. तुमच्या निर्देशांकात याला पैकीच्या पैकी गुण मिळतील.

दुसरी गोष्ट. त्याच दिवसांत बरेच खासगी दवाखाने बंद होते. साखरेचे, रक्तदाबाचे, दम्याचे रुग्ण कुठे जाणार? एप्रिलमध्ये कब्रस्तानात दफने नेहमीपेक्षा पुष्कळ वाढली, हे सगळ्या शहराने पाहिले आणि बातम्यांतही आले. त्यांतले किती करोनाने गेले आणि किती उपचार न मिळाल्याने, हे चाचणीशिवाय सांगता येत नाही. आमच्या मोहल्ल्यातील एक आजोबा डायलिसिसला जाऊ न शकल्याने गेले. ते साथीचे बळी की निर्बंधांचे, हे तुम्हीच ठरवा.

तिसरी गोष्ट बंदोबस्ताची. राज्य राखीव दलाचे जवान इथे तैनात होते. त्यांतले अनेक जण इथून व मुंबईहून हिंगोलीला परतल्यावर बाधित निघाले आणि तोवर जवळपास स्वच्छ असलेल्या त्या जिल्ह्याचा आकडा एकदम वाढला. निर्बंध राबवणारी माणसेही माणसेच असतात. हा परिणाम कोणत्या रकान्यात लिहायचा?

जूनमध्ये आमचा आकडा उतरला, आणि मग ‘मालेगाव पॅटर्न’ म्हणून श्रेय घेणाऱ्यांची रांग लागली. प्रशासन म्हणाले आमचे काम, हकीम म्हणाले आमचा काढा. हा काढा पुढे राज्यभर गेला, हेही खरे.

शंकेखोर

तुम्ही सगळे मोजमापाच्या अडचणी सांगत आहात. मला सरळ उत्तर हवे आहे. पाच रुपयांच्या पावतीने नाशिकमध्ये काही फरक पडला का?

गोदाकाठ

@शंकेखोर, ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी: मार्च २०२१ च्या अखेरीस शहर पोलिसांनी मुख्य बाजारपेठांत शिरण्यासाठी माणशी पाच रुपयांची पावती लावली. पावतीवर एक तास आत थांबता येई आणि वेळ उलटली तर पाचशे रुपये दंड. देशभर त्याच्या बातम्या आल्या. मी स्वतः मेन रोडला अशी पावती घेतली होती व ती फाइलला लावलेली आहे.

फरक पडला का, याचे सरळ उत्तर देणे अशक्य आहे, कारण तो प्रयोग फार थोडे दिवस चालला आणि लगेच ५ एप्रिलचे राज्याचे निर्बंध आले. दोन औषधे एकापाठोपाठ दिली की गुण कशाचा, हे वैद्यालाही सांगता येत नाही. मात्र माझे मत विचाराल तर, त्या कल्पनेत धाडस होते आणि एक उघड दोषही होता: बाजारातली दाटी कमी करण्यासाठी बॅरिकेडपाशी नवी दाटी तयार झाली. मी पावतीसाठी जितका वेळ उभा होतो, तितक्यात माझी खरेदी आटोपली असती.

@मागवाला, आपला पहिला मुद्दा मी वहीत उतरवून घेतला आहे. शहर रिकामे आणि खोली भरलेली, हे मी तीस वर्षांत कोणत्याही पुस्तकात इतके स्वच्छ वाचले नाही.

निफाडकर

बाजार समितीत माझी आडत आहे. वर १२ मेच्या टाळेबंदीचा उल्लेख आला, त्याबद्दल लिहितो. त्या वेळी लासलगावसह जिल्ह्यातील बाजार समित्यांचे लिलाव बंद झाले. पण ही बातमी आधीच फुटली होती. आदल्या दोन दिवसांत शेतकऱ्याने जे काही ट्रॅक्टरमध्ये भरता येईल ते आणून ओतले, कारण उन्हाळ कांदा चाळीत टाकायला प्रत्येकाकडे जागा नसते आणि खरिपाच्या बियाण्याला पैसा लागतो. माझ्या गाळ्यासमोर त्या दोन दिवसांत जितकी माणसे होती, तितकी त्या महिन्यात कधी नव्हती. लिलाव पुन्हा सुरू झाले तेव्हाही तेच. मधले दिवस मात्र खरोखर शांत होते, हे मी मान्य करतो.

दुसरे असे, की मोबाइलवरून लोकांची वर्दळ मोजणारे गूगलचे अहवाल सगळे वापरतात. माझा मुलगा सांगत होता, की त्यात जानेवारी-फेब्रुवारी २०२० मधल्या पाच आठवड्यांशी तुलना केलेली असते. आमच्या तालुक्यात ते दिवस द्राक्षहंगामाचे. बागेत, पॅकहाउसवर, रस्त्यावर मजूरच मजूर. त्याच्याशी जून-जुलैची तुलना केलीत तर टाळेबंदी नसलेल्या वर्षीही निफाड ‘बंद’ दिसेल.

आकडेमोड

दादा, तुमच्या मुलाचे बरोबर आहे. ३ जानेवारी ते ६ फेब्रुवारी २०२० हा तो पायाभूत काळ. आणि ती मोजणी फक्त ज्यांच्या स्मार्टफोनवर स्थाननोंद चालू आहे त्यांची, म्हणजे पेठ-सुरगाण्याच्या पाड्यांवरचे चित्र त्यात फारसे येत नाही. द्राक्षांचा मुद्दा मात्र मी आजवर कोणाच्या लेखात पाहिलेला नाही.

शंकेखोर यांना सरळ उत्तर हवे होते, म्हणून जिथे ते मिळण्याची सर्वांत जास्त शक्यता आहे ती जागा सांगतो. ७ जून २०२१ पासून राज्याने पाच स्तरांची पद्धत आणली. प्रत्येक प्रशासकीय घटकाचा आठवड्याचा बाधितता दर (शंभर चाचण्यांत किती बाधित निघाले) आणि ऑक्सिजनच्या किती खाटा भरल्या आहेत, यावरून त्याचा स्तर ठरत असे. दर पाच टक्क्यांच्या खाली आणि खाटा पंचविसाहून कमी टक्के भरलेल्या असतील तर पहिला स्तर, जवळपास सर्व खुले. दर वीस टक्क्यांच्या वर गेला तर पाचवा. २०११ च्या जनगणनेनुसार दहा लाखांहून अधिक लोकसंख्येच्या महापालिका हे वेगळे घटक होते. त्यामुळे नाशिक शहर वेगळे झाले, आणि मालेगाव महापालिका असूनही उरलेल्या जिल्ह्यात गेली.

अभ्यासाच्या दृष्टीने ही पद्धत म्हणजे सोन्याची खाण असायला हवी होती. एका घटकाचा दर ४.९ आणि दुसऱ्याचा ५.१ असेल, तर साथीच्या दृष्टीने दोघांत काहीच अंतर नाही, पण नियम मात्र वेगळे. अशा काठावरच्या घटकांची पुढील तीन-चार आठवड्यांची तुलना केली, तर सरांनी सांगितलेली भांडी बाजाराची चूक बऱ्याच अंशी टळते, कारण इथे निर्बंध साथीच्या आकारामुळे वेगळे झालेले नसतात, केवळ रेषेमुळे झालेले असतात. दुर्दैवाने २५ जूनला शासनाने डेल्टा प्लस या विषाणूच्या नव्या प्रकाराच्या धास्तीने कोणालाही तिसऱ्या स्तराच्या खाली ठेवायचे नाही असे ठरवले आणि दर मोजताना फक्त आरटीपीसीआर धरायची असेही सांगितले. खालचे दोन स्तरच गेल्याने पाच टक्क्यांच्या रेषेवरचा प्रयोग तीन आठवडेही धड चालला नाही, आणि दराची व्याख्याही मध्येच बदलली.

तो बदल शास्त्रीयदृष्ट्या योग्यच होता. अँटिजेन चाचणीत काही बाधित निसटतात, त्यामुळे अँटिजेन जास्त केल्या की दर खाली दिसतो. बाजारपेठ उघडण्याचा निर्णय ज्या आकड्यावर अवलंबून आहे, तो आकडा मोजणाऱ्यावर दडपण येणारच. कोणी मुद्दाम केले असे मी म्हणत नाही.

सिडकोची_परिचारिका

मी उशिरा वाचते आहे. तुम्ही सगळे रुग्णसंख्येवर बोलत आहात आणि ती चाचण्यांवर अवलंबून आहे, म्हणून काही अभ्यासक मृत्यूंचा आकडा अधिक भरवशाचा मानतात. त्याबद्दल दोनच गोष्टी सांगते.

१६ जून २०२० ला राज्याने आधीचे राहून गेलेले १,३२८ मृत्यू एकाच दिवशी आकडेवारीत मिळवले. ज्याने तारीखवार आलेख काढला असेल, त्याला त्या दिवशी डोंगर दिसेल, आणि तो डोंगर जूनचा नाहीच.

आणि नाशिकसाठी २१ एप्रिल २०२१. त्या दिवशी डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली आणि पुरवठा खंडित होऊन आधी बावीस आणि अखेर चोवीस रुग्ण गेले. ही माणसे करोनाबाधित म्हणूनच नोंदली गेली. मी त्या रुग्णालयात नव्हते, दुसऱ्या ठिकाणी होते, पण त्या रात्री आम्ही सर्व जणी दर पंधरा मिनिटांनी आपापल्या टाकीचा काटा बघून येत होतो. त्या आठवड्याच्या मृत्यूंवरून निर्बंधांबद्दल काही सिद्ध करायला कोणी निघाले, तर मला राग येतो, एवढेच.

शंकेखोर

ताई, माझा प्रश्न टवाळीचा वाटला असेल तर माफ करा. तो खरेच प्रश्न होता.

मग आणखी एक विचारतो. मालेगाव जून २०२० मध्ये उतरले ते बऱ्याच लोकांना होऊन गेल्यामुळे नाही का? आणि दुसऱ्या लाटेनंतरही तेच?

गोदाकाठ

तो दावा तुम्ही समजता त्याहून वजनदार आहे. जून-जुलै २०२१ मध्ये आयसीएमआरच्या चौथ्या रक्तद्रव्य सर्वेक्षणात (सिरो सर्वेक्षणात) देशात ६७.६ टक्के लोकांमध्ये प्रतिपिंडे, म्हणजे संसर्ग किंवा लसीनंतर रक्तात तयार होणारी अँटिबॉडी, आढळली. महाराष्ट्रात ५८ टक्के, मध्य प्रदेशात ७९, केरळात ४४.४. त्यांत लस घेतलेलेही आले. म्हणजे दुसरी लाट ओसरताना विषाणूला नवी माणसे मिळणे कठीण होत चालले होते, आणि उताराचा काही वाटा त्यालाच द्यावा लागेल.

परंतु याच आकड्यांची दुसरी बाजूही पाहा. केरळात निम्म्याहून अधिक लोक तोवर विषाणूच्या कचाट्यातून सुटलेले होते, आणि लस हळूहळू हाताशी येत होती. निर्बंधांनी साथ थांबत नाही, ती पुढे ढकलली जाते, हे टीका म्हणून सांगितले जाते. मला ते टीका म्हणून पटत नाही. एप्रिल २०२१ मध्ये नाशिकच्या रुग्णालयात खाट शोधत फिरलेल्या कोणालाही विचारा, तोच आजार दोन महिन्यांनी झाला असता तर चालले असते का. माझ्या धाकट्या भावासाठी आम्ही सहा ठिकाणी फिरलो होतो. सातव्या ठिकाणी मिळाली. तो आज ठणठणीत आहे, म्हणून हे लिहू शकतो.

आता मदतीची विनंती. आकडेमोड आणि मी मिळून ग्रामीण, नाशिक शहर आणि मालेगाव अशा तीन वेगळ्या कालरेषा लावायला घेत आहोत. आदेश माझ्याकडे आहेत. प्रत्यक्षात दुकान कोणत्या दिवशी उघडे होते, गल्ला कोणत्या वेळी बंद झाला, लिलाव किती वाजता संपला, याची त्या काळात लिहिलेली कोणतीही नोंद चालेल. आठवणीतून लिहिलेली मात्र नको, कारण स्वतःच्या फाइलशी ताडून पाहिल्यावर माझ्याच आठवणीतल्या तारखा जागोजागी चुकलेल्या निघाल्या.

निफाडकर

माझ्याकडे मार्च २०२० ते डिसेंबर २०२१ ची आवकीची वही आहे. रोजच्या ट्रॅक्टरांची संख्या आणि लिलाव सुटल्याची वेळ त्यात आहे. काही पाने पावसाने चिकटली आहेत.

मागवाला

माझ्याकडे विजेची बिले आहेत. चार मागांची, दर महिन्याची. माग किती चालले ते युनिटवरून कळेल. आदेश काय होता ते त्यावरून कळणार नाही, पण तुम्हाला तेच हवे आहे असे दिसते.

गोदाकाठ

@मागवाला, हो, तेच हवे आहे. शक्य असेल तर २०१९ चीही बिले द्या, म्हणजे जानेवारीऐवजी मागच्या वर्षाच्या त्याच महिन्याशी तुलना करता येईल. @निफाडकर, चिकटलेली पाने ओढून सोडवू नका. मी मंगळवारी लिलावानंतर येतो, जागच्या जागी फोटो काढून घेऊ.